देवराईतली वाळकी काठी

मंडळी, आज सकाळी नातीला घेऊन नांदगावजवळच्या आमच्या देवराईत फिरलो. तासाभराची सोपी गोल वाट. आधाराला म्हणून तिने एक वाळकी काठी उचलली आणि मी खेकसलो, "ठेव गो ती थंयच!"

साठ सालच्या सुमारास याच वाटेवर माझ्या थोरल्या भावाला नाग चावला. डोली करून दवाखान्यात न्यायचं तर दांडा हवा. वडील अडून बसले, "देवाक इचारल्याशिवाय फांदी तोडूची नाय."

कौल घ्यायला गुरवाने देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली की होकार. ती पडली, तोवर भाऊ गेला होता. तोडलेली फांदी तिरडीला लागली.

आज नातीने काठी होती तिथे ठेवली आणि मला हायसं वाटलं.

कशाचं हायसं वाटलं, सांगाल कुणी?