दाबून बघा

"दाबून बघा, काकी," म्हणून ती गाल पुढे करायची. माझ्या हाताला नाचणीचं पीठ असलं तरी तिला चालायचं. मी अंगठा तिच्या गालात रुतवायची आणि सांगायची, "आहे तसाच आहे."

"काहीतरीच. कालच्यापेक्षा घट्ट आहे. तुमचा अंगठाच भाकऱ्या थापून मेलाय," असं म्हणून ती आमटीकडे वळायची.

जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या अंगाला एक खाणावळ आहे. तिथे मी भाकऱ्या करायची, ती भाजी-आमटी आणि भांडी बघायची. ती पन्नाशी ओलांडलेली. तरुणपणीच नवरा गेलेला, मूल नाही. दिसायला चारचौघींसारखी होती. बाईच्या मानेकडे बघितलं की वय कळतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तिचंही कळायचं.

एका वर्षी तिनं बाजारातल्या कटलरीच्या दुकानातून गुलाबी दगडाचा एक रोलर आणला. दांडीला एका टोकाला मोठा दगड, दुसऱ्या टोकाला छोटा. त्याच्याबरोबर पानाच्या आकाराचा एक चपटा दगडही मिळाला होता. रोलर गालासाठी, चपटा दगड हनुवटीच्या कडेसाठी. आधी बोटभर खोबरेल लावायचं आणि मग दगड फिरवायचा. हे सगळं तिला मोबाईलमधली एक पोरगी हिंदीत शिकवायची. त्या पोरीचं वय असेल वीस-बावीस. तिच्या गालाला काय धाड भरली होती कोण जाणे.

"खालून वर, काकी. नेहमी खालून वर. वरून खाली फिरवलं तर गाल लोंबतो."

"लोंबायचा तो लोंबतोच," मी म्हणायची. मी काही तिचं मन राखायला बसले नव्हते.

दगडाशिवाय तोंडाचे व्यायामही होते. गाल फुगवून आतली हवा इकडून तिकडे न्यायची. ओठ दातांवर दुमडून हसायचं. मान मागे टाकून छताला मुका द्यायचा. हे सगळं ती चुलीपुढे करायची आणि जेवायला बसलेल्यांना तिथून सगळं दिसायचं. आमच्याकडे बोहाड्यात माणसं मुखवटे लावून देवादिकांची सोंगं नाचवतात. एक कंडक्टर रोज म्हणायचा, "मावशी, बोहाड्याला वेळ आहे अजून. आतापासून तालीम?"

"तुम्हाला तर मुखवटापण लागणार नाही. गिळा आमटी," ती म्हणायची.

दगड गार असावा लागतो म्हणे, म्हणून दोन्ही दगड ती खाणावळीच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायची. एकदा मालकिणीला घाई होती. तिनं समोर दिसला तो चपटा दगड घेतला, त्यानं हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला, दगड वरवर पुसला आणि परत ठेवून दिला. दुपारी हिनं तो हनुवटीवरून कानापर्यंत ओढला. मग जी बोंब ठोकली, ती डेपोतल्या गाड्यांना ऐकू गेली असेल. गाल टोमॅटोसारखा झाला. आम्ही ताक लावलं, बर्फ लावला. कंडक्टर म्हणाला, "चेहऱ्यावर तेज आलं बघा मावशी. आता स्थळं बघायला हरकत नाही."

त्या दिवशी ती मागच्या पायरीवर गालाला ताक लावून बसून राहिली. मी तांदूळ घेऊन शेजारी बसले आणि खडे वेचता वेचता सरळ विचारलं, "खरंच कोणी बघितलायस का? या वयात एवढं कोणासाठी चाललंय?"

"आयेसाठी," ती म्हणाली.

तिचं माहेर पोशेऱ्याचं. आई जिवंत होती, मोठ्या भावाकडे राहायची. भावाशी हिचं भांडण झालं आणि बरीच वर्षं ही तिकडे फिरकली नाही. तेवढ्या वर्षांत आईचे डोळे गेले, कानही जवळजवळ गेले. भात झोडून झालं की भाऊ-भावजय वसईकडे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी येतात. तोवर म्हातारी घरात एकटी. आधी चाचपडत का होईना, चूल पेटवायची. त्या वर्षी ती पडली आणि कमरेतून वाकली. शेजारणी ताट देत, पण त्यांचीही पोटं शेतावर. हिला कळलं तशी ही भांडण विसरून गेली. जव्हारला खोली होतीच, आईला इकडेच आणायची असं ठरवून गेली.

"मग?"

"मग काय, तिनं माझं तोंड चाचपलं. दोन्ही हातांनी. आणि म्हणाली, ही कोन म्हातारी? माझ्या पोरीचं गाल असं नाय."

ही कानाशी ओरडून नाव सांगत राहिली. म्हातारीनं ऐकलं आणि म्हणाली, नाव कोनीपन सांगंल. परक्या बाईबरोबर मी घर सोडनार नाय. बोटांत जी पोर राहिली होती, ती तिशीतली होती. तिच्याशी हिचा चेहरा जुळेना.

"म्हणजे गाल घट्ट झाले की ती ओळखेल?"

"हातानंच बघते ना ती. हाताला लागले पाहिजेत."

मी तांदूळ पाखडत राहिले. हे होणार नाही हे मला दिसत होतं आणि मी तसं बोललेही. ती म्हणाली, "तुम्ही नुसतं दाबून सांगत जा. बाकी माझं मी बघते."

तेव्हापासून मी दाबताना जरा लक्ष देऊन दाबायची. खरं सांगायचं तर थोडा फरक वाटायला लागला होता. कातडी तरुण झाली असं नाही. रोज चोळून चोळून गाल सुजल्यासारखा, भरल्यासारखा लागायचा. मी तसं सांगितलं तर ती म्हणाली, "सुजलेला तर सुजलेला. भरलेला लागतो ना?"

होळी झाल्यावर ती म्हणाली, "काकी, चला माझ्याबरोबर. दोघी असलो तर तिला हाताला धरून आणता येईल." मालकिणीनं कुरकुरत एक दिवस सोडलं. आम्ही एसटीनं मोखाड्याला उतरलो आणि तिथून जीप धरली. जीपमध्ये अंगावर बकरी, मांडीवर कोणाचं तरी पोर, आणि ही आपली गाल फुगवून हवा फिरवतेय. समोरचा माणूस बघत होता. मी त्याला म्हटलं, "दात दुखतोय तिचा." पोशेऱ्याच्या अलीकडे तिनं रोलर काढला आणि पदराआड शेवटचा फिरवून घेतला.

म्हातारी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात मूठभर मांस नव्हतं. ही पुढ्यात बसली, तिचे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. म्हातारीनं घाई केली नाही. गाल दाबले, चिमटीत धरले, हनुवटीच्या कडेनं बोट नेलं.

"गाल बरा हाय," ती म्हणाली.

ही माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला आधी बघितलं नव्हतं.

मग म्हातारीचे हात खाली उतरले. मान, खांदा, कोपर, आणि शेवटी हिचे तळवे. इतकी वर्षं सोडा आणि राख लावून खाणावळीची भांडी घासलेले तळवे ते. म्हातारीनं एकेक बोट चाचपलं आणि हिचा हात झटकन मांडीवरून खाली टाकला.

"गाल पोरीचा न हात म्हातारीचं. कोनाचं सोंग आनलंस गं?"

"आये, मीच आहे. मीच गं!" ही कानाशी ओरडली.

"मला आये म्हनू नको. माझी पोर जव्हारला हाय." म्हातारी काठी शोधायला लागली. शेजारीण धावत आली, तिनंही कानाशी सांगून बघितलं, पण म्हातारी मानेना. जरा शांत झाल्यावर म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, हिच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "लांबून आलीस का? जेवलीस का काय?"

परत येताना जीपमध्ये ती आपले तळवे उलटसुलट करून बघत होती.

आठवड्यात तिनं खाणावळ सोडली. मालकीण म्हणाली, "तिकडे जाऊन काय करशील?" ही म्हणाली, "तिच्या घरी राहीन. ती येत नाही तर मी जाते. भावाचं मी बघून घेईन." खोलीतलं सामान बोचक्यात मावलं. रोलर आणि चपटा दगड फ्रिजमध्येच राहिले. मालकिणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लसूण ठेचायला ठेवा."

तिच्या जागी आलेली बाई आमटी पातळ करते. कंडक्टरनं एकदोनदा विचारलं, "मावशी कुठे?" मग विचारायचा थांबला.

यंदा मोखाड्याला भाचीकडे लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून पोशेऱ्याला गेले. तिचे गाल उतरले होते, ती उन्हानं काळी पडली होती. मला बघून चहा ठेवला. म्हातारीनं मात्र अंग धरलं होतं, केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं. चहा उकळेपर्यंत ही भाकर कुस्करून तिला भरवत होती आणि म्हातारी तोंड उघडत होती.

कोणीतरी आलंय हे म्हातारीला कळलं. दोन घास झाल्यावर ती मला म्हणाली, "ही बाई बरी हाय. कोन कुठली, पन करते सगळं. माझी पोर हाय ना जव्हारला, ती येत नाय."

हिनं पुढचा घास केला, म्हातारीच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "कामात असेल, आजी. येईल."