मैनेचा पेशबंद

माणिकच्या घरून वैनींचा फोन आला तेव्हा त्याच्या घोडीसाठी घेतलेला पेशबंद माझ्या घरी दारामागच्या खुंटीला लटकत होता. पंधरा दिवस झाले होते. रोज ठरवायचो, आज नेऊन देऊ. रोज काही तरी कारण सापडायचं. "भाऊजी, हे सकाळचे उठलेच न्हाईत," एवढंच त्या बोलल्या. आमच्या जवळा बाजार गावात माझ्या घरापासून त्याचं घर चालत दहा मिनिटांवर. ती दहा मिनिटं मी आठ महिने चाललो नव्हतो.

पेशबंद म्हणजे घोड्याच्या छातीवरून जाऊन दोन्हीकडून खोगिराला अडकवलेला चामडी पट्टा. नवरदेव वजनदार असला, चढ लागला, की खोगीर मागं सरकतं. ते त्यानं धरून ठेवायचं. माणिकनं लग्नांना घोडी देण्याचा धंदा पस्तीस वर्षं केला, आणि पेशबंदाइतका विचार त्यानं दुसऱ्या कशाचा केला असेल असं मला वाटत नाही. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी मास्तर झालो, म्हणून तो मला मास्तरच म्हणायचा, थोडं चिडवून. दर हिवाळ्यात आम्ही दोघं घोड्यांच्या बाजाराला जायचो. मी सोबत पुस्तक घ्यायचो, तो दोन गाठी मारलेली सुतळी. त्या दोन गाठींमधलं अंतर म्हणजे त्याच्या घोडीच्या, मैनेच्या, छातीचं माप. दुकानदार आरसे, घुंगरं, पितळी फुलं लावलेले पट्टे पुढं टाकायचा आणि माणिक ते उलटे करून बघायचा. आतलं चामडं मऊ आहे का, टाके वर आलेत का... "वरचं लोकांसाठी असतंय मास्तर," म्हणायचा. "घोडीच्या वाट्याला आतलीच बाजू येते."

घरी आल्यावर खरी परीक्षा. पट्टा खांद्याच्या सांध्याच्या वर हवा, म्हणजे पाय मोकळा पडतो. आणि गळ्याच्या नळीच्या खाली हवा, म्हणजे श्वास मोकळा राहतो. मधोमध मूठ जायला हवी. एवढ्यावर माझं समाधान व्हायचं, त्याचं व्हायचं नाही. तो जमिनीवर कडबा टाकायचा आणि घोडीनं मान खाली घातली की वाकून पुन्हा मूठ घालून बघायचा. उभ्या घोडीवर छान बसलेला पट्टा ती खायला वाकली की गळ्यात रुततो, असं त्याचं म्हणणं. कित्येक झगझगीत पेशबंद त्यानं असे परत केले. एक दुकानदार वैतागून म्हणाला होता, "अहो, वरातीत घोडी कुठं चरते?" माणिक म्हणाला, "वरात हाय हे तिला कुठं म्हाईत हाय?"

आठ महिन्यांपूर्वी हट्टा गावी झालेल्या लग्नातली चूक माझी. नवरदेवाचे वडील माझ्या ओळखीचे, मोठे जमीनदार; माणिकची घोडी मीच सुचवली होती. त्यांनी पोराच्या फेट्याला शोभेल असा, आरशांनी मढवलेला पेशबंद शहरातून मागवला होता. आमच्याकडं श्रीमंती नुसती असून भागत नाही, ती लांबून चमकावी लागते. माणिकनं तो लावून बघितला, कडबा मागवला, बघितलं आणि पट्टा काढला. "आखूड हाय. माझाच राहू द्या."

"फोटोवाले खोळंबून राहिले," वडील म्हणाले. "लग्न घोडीचं हाय का आमच्या पोराचं?"

सगळे हसले. मीही हसलो. मग माणिकला बाजूला घेऊन म्हणालो, "तासाभराचा प्रश्न आहे. घाल की." त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि घातला.

परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीला जाणारी मिरवणूक, देवळापर्यंत झोकात गेली. तिथं रिवाजाप्रमाणं नवरदेवाच्या बहिणीनं घोडीपुढं भिजवलेल्या डाळीचं ताट खाली धरलं. मैनेनं मान घातली, पट्टा गळ्यात रुतला, तिला ठसका लागला आणि ती झटक्यात मागं सरली. नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळत राहिला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं नाही. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. माणिकनं पट्टा सोडला आणि तिच्या छातीवरून हात फिरवला. आरशाच्या कडेनं कातडी कापली होती. लाल झालेली बोटं पुसत तो म्हणाला, "तुला तर म्हाईत व्हतं, मास्तर."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. या हिवाळ्यात त्याचं बाजाराचं बोलावणं आलं नाही. मी एकटाच गेलो आणि एक पेशबंद निवडला, आतून मऊ, टाके बुजलेले, वरून अगदी साधा. सुतळी नव्हती, माप नजरेनं घेतलं. रिकाम्या हातानं माफी मागायला जाणं मला बरं वाटत नव्हतं. हात भरल्यावरही गेलो नाही, ही गोष्ट वेगळी.

तेरवी झाल्यावर पेशबंद घेऊन गेलो. "आता काहून आणलं, भाऊजी?" वैनी म्हणाल्या. "मैना तर चालली. वसमतकडचे पाहुणे आजच नेऊन राहिले." घोडी विकत घेणारा तरुण टेम्पो लावून अंगणात उभाच होता. एकदा बांधून बघतो, म्हणालो. उभ्या मैनेवर पट्टा इतका देखणा बसला की क्षणभर मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग कडबा टाकला. तिनं मान खाली नेली आणि घास न घेताच वर केली. मूठ काही आत जाईना. म्हणजे मीही पेशबंद उभ्या घोडीसाठीच आणला होता... फोटोसाठी. दोन भोकं सोडली, तरी अडलं. आणखी एक सोडलं, तेव्हा कुठं ती खाऊ लागली.

"सर, ढिला वाटून राहिला," तो तरुण म्हणाला. "ओढू का थोडा? लग्नात असा बरा दिसत न्हाई."

"दिसू दे गबाळा. ओढायचा नाही."

"पण मिरवणुकीत घोडी कुठं मान घालून राहिली?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माणिकचं होतं. माझ्या तोंडी शोभलं नसतं. मी त्या तरुणाचा हात धरून पट्ट्याखाली नेला. "इथं बघायचं. ती खात असताना. दर लग्नाला, कोणी कितीही घाई केली तरी. तिथला शहाणा माणूस घाल म्हणाला, तरीसुद्धा."

तो वाकला, मूठ वळून आत फिरवली. "बराबर," म्हणाला. माझ्या म्हणण्यावरून नव्हे, हाताला कळलं म्हणून.

मैनेला पट्ट्यासकट घेऊन टेम्पो गेला. वैनी डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मैनेचा कडबा अर्धा तसाच पडला होता. मी वाकून एकेक धाट गोळा केलं, पेंढी बांधली, रिकाम्या गव्हाणीत ठेवली. मग तिथंच बसून राहिलो. कोणी आत ये म्हणालं नाही, आणि कोणी जा म्हणालं नाही.