बाळकुमच्या दगडाबाईची बर्फपेटी

मी शिकलो गावच्या शाळेत सातवीपर्यंत आणि नोकरी केली ठाण्याच्या एका बँकेत, शिपायाची. म्हणजे उभा जन्म साहेब लोकांना पाणी देण्यात गेला म्हणा ना. पण शिपायासारखी मजेची नोकरी नाही. साहेबाला फाइल दिसते, कारकुनाला काउंटर दिसतो आणि शिपायाला माणसं दिसतात. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, ते पासबुकाला हळदकुंकू लावल्याशिवाय काउंटरवर ठेवायचे नाहीत आणि आमचा कॅशियर ते झटकून झटकून दिवसभर शिंकायचा. बसा मोजत असल्या गमती! पण दगडाबाईची गोष्ट निघाली की माझं हसू जरा आंबट होतं. तोंडात काहीतरी नासकं आल्यासारखं वाटतं. तरी ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दगडाबाई बाळकुमची कोळीण. नावासारखीच, काळाभोर कातळ. अंबाड्यात अबोलीचा गजरा, कासोटा घट्ट आणि आवाज असा की ठाण्याच्या मासळी बाजारात बोलली तर बाहेरच्या रिक्षावाल्याने मागे वळून बघावं. तिचं आमच्या बँकेत खातं होतं. बाजारातल्या सगळ्याच कोळणींची होती, कारण आमच्या मॅनेजरसाहेबांनीच पूर्वी बाजारात जाऊन, "मावशी, पैसे घरात ठेवू नका, बँकेत ठेवा," अशा विनवण्या केल्या होत्या. त्या वेळी साहेबांना वास आला नव्हता. पुढे मात्र दगडाबाई दारातून आत शिरली की साहेब खिशातून रुमाल काढायचे. तिच्या नोटा बरीक कधी रुमालात धरून घेतल्या नाहीत. मला तेव्हापासून त्या रुमालाची शिसारी आहे.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालची. दगडाबाईचा बाजारात एक ओटा होता, आतल्या रांगेतला, सासूने तिच्या हाती दिलेला. ओट्यांचा नियम बायकांनीच घातलेला होता. ओट्यावर ताजीच मासळी मांडायची आणि रोज मांडायची. वरचेवर रिकामा राहिला तर तो दुसरीला जायचा. पूर्वी तिला त्याची चिंता नव्हती. बाळकुमची खाडी घरामागे. नवरा आणि दीर बोय, निवट्या, चिंबोऱ्या आणायचे आणि ही पाटी डोक्यावर घेऊन निघायची. मग वरून कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं. मासळीला रॉकेलचा वास यायला लागला. गिऱ्हाईक मासा नाकाशी नेऊन परत टाकायचं. आता माल आणायचा तर थेट मुंबईत भाऊच्या धक्क्यावर जायचं, पहाटे टेम्पोत उभं राहून. आणि दगडाबाईचा गुडघा गेलेला. एक दिवस गेली की दुसऱ्या दिवशी तिला उठवत नसे. एका दिवसाचा माल दुसऱ्या दिवशीही ताजा राहिला तरच ओटा राहणार होता.

अशात तिचा भाचा धाकू पेपरातली जाहिरात घेऊन आला. 'हिमकन्या ट्रेडर्स, कल्याण' यांची जादूची शीतपेटी! मासळी, दूध, भाजी तीन दिवस ताजी, पेटी घरपोच. पत्त्याच्या जागी पोस्ट बॉक्सचा नंबर आणि खाली ठळक अक्षरात, 'पैसे फक्त बँकेमार्फत पाठवावेत'. खातं आमच्याच बँकेच्या कल्याण शाखेत होतं. तेव्हा आत्तासारखं बोट दाबलं की पैसे गेले, असं नव्हतं. इथे पैसे आणि चिठ्ठी भरायची, मग आमची शाखा टपालाने कल्याणला कळवायची आणि तिकडे त्या खात्यात रक्कम जमा व्हायची.

दगडाबाईने पाटल्या गहाण ठेवल्या आणि पैसे घेऊन ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"सायब, मी त्या कल्यानवाल्याला वलखत नाय. तुला वलखतंय. पैसं तुज्या हातान देतंय."

साहेब रुमालातून म्हणाले, "बाई, ही बँक आहे. निर्धास्त राहा."

"निर्धास्त ना?"

"अगदी!"

बस. या एका शब्दावर बाईने पैसे भरले. तिच्या धंद्याचा कायदाच तो. धक्क्यावर लिलाव होतो तेव्हा बोटवाला समोर नसतो, मध्ये दलाल असतो. वर पापलेट आणि खाली कुजका कचरा निघाला तर कोळीण बोट शोधत बसत नाही, दलालाचा हात धरते. पैसे ज्याच्या हातात दिले, त्याने निस्तरायचं. मधला माणूस जबाबदार. तिच्या हिशेबी बँक म्हणजे पंख्याखाली बसलेला दलाल.

पेटी काही येईना. धाकूने पत्र टाकलं. उत्तर आलं, 'आपली रक्कम आम्हांस मिळालेली नाही.' आमचे साहेब म्हणाले, आम्ही पाठवली. कल्याण शाखा म्हणाली, असं काही टपाल आलंच नाही. मग म्हणाली, आलं असेल, शोधतो. आणि पावसाळा संपता संपता म्हणाली, अहो, ती रक्कम तर केव्हाच जमा झाली आणि पार्टीने ती काढूनही नेली! म्हणजे तो कल्याणवाला पैसे खाऊन वर 'मिळाले नाहीत' म्हणून कार्डं लिहीत होता. सुवाच्य अक्षरात. खाली 'आपला विश्वासू'.

मला वाटलं, आता साहेब चवताळतील. कुठलं काय! त्यांनी फाइल बंद केली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बाई, पैसे त्याच्या खात्यात पोचले. आमचं काम संपलं. आता तुम्ही आणि पार्टी बघून घ्या."

"कंची पार्टी? ती पोस्टाची पेटी? तिला काय तोंड हाय का थोबाडीत मारायला?"

"त्याला बँक काय करणार?"

"तू मधला नाय का रं सायब? मधी उभा राहून पैसं घेतलंस नं?"

"मी दलाल नाही!" साहेब खुर्चीतून उठलेच.

"खरा हाय," दगडाबाई म्हणाली. "दलाल असतास तं तुला लाज असती."

सगळी बँक खाली मान घालून हसत होती. साहेबांनी मला फर्मावलं, "विश्राम, बाहेर ने त्यांना. आणि ही फरशी पूस." ती जिथे उभी होती ती फरशी. पुसली मी. नोकरी होती. पण फिनेलचा वास मला त्या दिवशी जितका घाण वाटला, तितका बोंबलाच्या पाटीचा कधी वाटला नाही.

आता धक्क्यावर दलाल तोंड फिरवतो तेव्हा कोळणी काय करतात, ते साहेबांना ठाऊक नव्हतं. त्याच्या बोलीवर एकही बाई उभी राहत नाही. मार्च महिना आला. मार्च म्हणजे बँकेचं लग्नघर, ठेवींचा आकडा वर दाखवायचा आणि शाबासकी घ्यायची. अशा ऐन मुहूर्तावर एका सकाळी आख्खा मासळी बाजार बँकेत शिरला. पुढे केशरबाई, मागे मालन, त्यांच्यामागे रांग जिन्यापर्यंत. प्रत्येकीच्या हातात पासबुक.

"काय झालं मावशी?" कॅशियर घाबरला.

"खातं बंद कर," केशरबाई म्हणाली. "आमच्या अंगाला वास येतं. तुज्या सायबाला तरास व्हतं, बिचाऱ्याला."

"अहो, पण सगळ्यांचं?"

"मंग? वास काय एकटीला येतं?"

साहेब धावत बाहेर आले. रुमाल कुठे गेला होता कोण जाणे. "मावशी, बसा. विश्राम, चहा सांग सगळ्यांना!" मी तर आनंदाने उडत गेलो. चहा पिऊन बायकांनी पैसे मागितलेच. मग साहेबांनी कल्याणला फोन लावला. इतके महिने ज्या गोष्टीला बँकेचा 'संबंध' नव्हता, तिचा संबंध दहा मिनिटांत निघाला. हिमकन्यावाला सोमवारी सोमवारी पैसे काढायला येतो, असं कळलं. साहेबांनी दगडाबाईबरोबर मलाच पाठवलं.

कल्याणच्या मॅनेजरांनी त्याला आत बोलावून ठेवलं होतं. काळुराम नाव. सफारी सूट, केसांना तेल, हातात स्कूटरची किल्ली फिरवत बसलेला. घाबरला वगैरे मुळीच नव्हता. असल्या माणसांचा मला राग येत नाही, मला त्यांची किळस येते. ताटात मेलेली पाल निघावी तशी.

"मावशी, गैरसमज झाला हो!" तो म्हणाला. "पेटी पाठवलेली. तुम्हीच सोडवून घेतली नाही म्हणून परत आली."

"पैसं मिलालं नाय म्हणून लिवलंस नं?"

"ते पोरानं लिहिलं असेल. पेटी आत्ता देतो. या मिनिटाला."

आणि खरंच, अर्ध्या तासात त्याने रिक्षातून पेटी आणवली. पत्र्याची जुनी ट्रंक, वरून निळा रंग मारलेली. तो कौतुकाने झाकण उघडायला लागला आणि त्या खोलीत जे काही पसरलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. आत थर्माकोलचे तुकडे डिंकाने चिकटवले होते, रेडिओच्या खोक्यात येतात तसले. त्यांच्या फटींतून काळं-हिरवं काहीतरी सुकलं होतं आणि खाली तळाला अजून ओलं होतं. कल्याणचे मॅनेजर तोंड दाबून मोरीकडे पळाले. दगडाबाईने, जन्मभर मासळीत बसलेल्या त्या बाईने, नाकाला पदर लावला. मी तिला पदर लावताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कोलंबी हाय ही," ती पदरातून म्हणाली. "कुना बाईची पाटी कुजली यात. तिनं तुज्या तोंडावर परत मारलीन आनि तू तीच मना इकतंस?"

"धुवून घेतली की होईल..." काळुराम म्हणाला.

"तू धुवून व्हशील काय?"

मॅनेजर परतले ते पांढरे पडलेले. म्हणाले, "ताबडतोब बाईंचे पैसे द्या, नाहीतर पोलीस बोलावतो." काळुरामने खांदे उडवले, चेकबुक काढलं आणि झरझर रक्कम लिहिली. "घ्या मावशी, मिटवा एकदाचं." मला हायसं वाटलं. पाटल्या सुटणार, ओटा राहणार. मी तर मनातल्या मनात पेढ्याचा भाव काढायला लागलो होतो.

कारकून चेक घेऊन गेला आणि परत आला. तो मॅनेजरांना म्हणाला, "साहेब, चेक वटेल. खात्यात काही नव्हतं, पण आज सकाळीच वसई शाखेकडून रक्कम आलीय. जनी म्हणून कोणी बाई आहे. पेटीसाठी."

मॅनेजरांनी ऐकलंच नाही, असं दाखवलं. नोटा मोजून टेबलावर ठेवल्या गेल्या. "घ्या बाई. तुमचं काम झालं."

दगडाबाई नोटांकडे बघत उभी राहिली.

"ही वसईची कोन? कोलीन हाय काय?"

"ते आम्हाला काय माहीत? तुम्ही तुमचे घ्या ना!" मॅनेजर चिडले.

मीही तिच्या कानाशी लागलो. "दगडाबाई, घे. ओटा जाईल तुझा. तिचं ती बघेल."

ती माझ्यावर उखडली. "तुज्या सायबाचंच पानी प्यायलास तू! तिचं ती बघंल, माजं मी बघंन... अरं, तिनं पैसं दिलं, ह्यानं घेतलं आनि मी नेलं. मंग मधली कोन झाली? मीच नं? उद्या ती मना शोधत आली तं मी तिला काय सांगू? पार्टीशी बघ?"

आणि तिने त्या नोटांना हातसुद्धा लावला नाही. उलट्या पावलांनी जरा मागेच सरली, पेटीपासून सरली होती तशी. म्हणाली, "हे जिचं हायेत तिला धाडा. मी बघतंय हितं बसून. आनि माजं ह्याच्या खिशातनं काढा."

ती जमिनीवर बसली ती उठेना. शेवटी मॅनेजरांनी काळुरामकडून सही घेतली आणि वसईच्या जनीचे पैसे वसईला परत लावले. त्याचं खातंही बंद केलं. काळुरामच्या खिशातून निघाले ते चिल्लर रुपये आणि एक कंगवा. "बाकीचे पुढच्या सोमवारी," असं म्हणत तो खाली उतरला आणि स्कूटरला किक मारून गेला. पोलिसात तक्रार लिहून दिली. पुढचा सोमवार आजतागायत आला नाही. ती ट्रंक मात्र मॅनेजरांच्या खोलीत राहिली. ती कोण उचलणार, यावरून त्यांचा आणि त्यांच्या शिपायाचा वाद चालला होता, तेवढ्यात आम्ही निघालो.

पाटल्या सावकाराकडे राहिल्या. गुडघा काही सुधारला नाही. तिचा ओटा आठवड्यातून चार-चार दिवस ओकाबोका दिसायला लागला आणि बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर बोलायच्या आत दगडाबाईने स्वतःच ओट्याची वाट बघणाऱ्या मालनला बोलावलं. बादलीभर पाणी ओतून ओटा घासला आणि तिला वर बसवलं. "नीट मांड. सुरमई पुढं, बांगडं मागं. रडतंस कनाला? मी मेले काय?"

मग सुक्या मासळीची पाटी घेऊन ती बाजाराच्या फाटकाबाहेर बसली. सुक्याला बर्फ लागत नाही आणि धक्क्यावरही जावं लागत नाही. पण आतल्या कोळणीने फाटकाबाहेर बसणं म्हणजे काय, हे त्या बाजारालाच विचारावं. त्या दिवशी तिच्यासमोरून जाताना बायका खाली बघून जात होत्या.

मी मुद्दाम गेलो, तिचा पहिला गिऱ्हाईक व्हायला. जवळा घेतला. तिने भाव सांगितला आणि मी उडालोच. "अगं, किती हा भाव! आत याच्या निम्म्यात मिळतो!"

"मंग जा आत," दगडाबाई म्हणाली. "बँकवाल्यांना हितं हाच भाव हाय."

मी मुकाट्याने पैसे दिले. तिने ते कपाळाला लावले, कमरेच्या पिशवीत टाकले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत असा काही आवाज दिला, की रस्त्यावरची रिक्षा थांबली.