ठिपका ताऱ्याचा की दीर्घिकेचा

नेझाहतबाईंना तुर्कस्तानातल्या अदाना शहरात फारसं कोणी ओळखत नाही. विद्यापीठाच्या फाटकावरचा पहारेकरी मात्र ओळखतो, कारण सुट्टीच्या दिवशीही त्यांच्यासाठी त्याला कुलूप काढावं लागतं. कापसाच्या गिरणीतल्या कामगाराची ही मुलगी. आधी शाळेत विज्ञान शिकवलं, शिकवता शिकवता डॉक्टरेट केली. घरच्यांनी लग्नाचा विषय काढला की त्या पुढची परीक्षा पुढे करत. शेवटी घरचेच थकले.

त्यांचं काम सांगायला सोपं, करायला चिवट. जवळच्या दीर्घिकांचे क्ष-किरणांतले फोटो उपग्रहावरच्या दुर्बिणीतून येतात. ते जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे. आधी नव्हता असा झगझगीत ठिपका दिसला, तर बहुधा तिथे एखादं कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खात असतं. ठिपका थोडे दिवस पेटतो आणि विझतो. तेवढ्यात पकडला तर पकडला.

गेल्या ऑगस्टात असा एक निघाला. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. रिफ्की, एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी आणि आता सहकारी, खुर्ची सरकवून जवळ आला.

"बाई, हाच तो! पाठवा आत्ताच. संध्याकाळपर्यंत युरोपवाले पळवतील."

"आधी साध्या प्रकाशातला फोटो काढ."

फोटो निघाला. ठिपक्याच्या बरोब्बर जागी एक बारीक लाल तारा होता, आपल्याच आकाशगंगेतला, अगदी समोरचा. असे तारे घटकाभर भडकतात आणि मागच्या दीर्घिकेत काही पेटल्याचा भास होतो.

रिफ्कीने कपाळाला हात लावला. "संपलं. यंदाही तेच. चला, जेवायला तरी चला."

आदल्या वर्षी दोघांनी उपग्रह चालवणाऱ्यांना घाईने कळवलं होतं. उपग्रह वळवायला लावला आणि ठिपका असल्याच ताऱ्याचा निघाला. पुन्हा चूक झाली, तर अदानाहून गेलेल्या निरोपाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नव्हतं. आणि ठिपका खरा असताना गप्प बसलं, तर तो कायमचा विझून जाणार होता.

"दुर्बिणीचा नेम किती हलला होता, तपासलंस?"

"हलतो केसभर."

"आणि तारा नि ठिपका यांच्यात केसभरच अंतर असलं तर?"

"बाई, तुम्ही कबरीत उतरतानाही नेम तपासाल."

"तपासेन तर. तोंड मक्केकडेच हवं ना? बस खाली."

फोटोत इतरही ठिपके होते. फार लांबच्या दीर्घिकांचे गाभे, ज्यांची जागा पक्की ठाऊक आहे. बाई एकेक घेऊन जुळवू लागल्या. अंधुक होते ते सोडून दिले. तरी मेळ बसेना. मग लक्षात आलं, एक ठिपका खरं तर शेजारशेजारचे दोन आहेत. तो काढला, सगळं पुन्हा मांडलं. आपलं उत्तर झाकून ठेवून रिफ्कीला तेच काम वेगळं करायला लावलं. त्याने कुरकुर केली, पण केलं. मागवलेले कबाब कागदात तसेच राहिले.

दोघांचं उत्तर एकच आलं. अख्खा फोटो एका अंगाला सरकला होता. सरळ केल्यावर तारा बाजूला पडला आणि ठिपका दीर्घिकेच्या भुजेत जाऊन बसला.

"आता पाठवू?" रिफ्कीने हळूच विचारलं.

"पाठव. गेल्या वेळी चुकलो होतो तेही लिही. त्याखाली यंदा काय काय तपासलं ते."

"आपणहून सांगायचं?"

"त्यांना आठवतंच आहे, बाळा."

उपग्रह वळला. काही दिवसांनी नवा फोटो आला. तारा भडकला असता तर कधीच थंडावला असता. ठिपका भुजेतच होता, तसाच धगधगत. रिफ्कीने व्हरांड्यात जाऊन अशी आरोळी ठोकली की शेजारच्या प्रयोगशाळा रिकाम्या झाल्या.

दुपारी युरोपातल्या एका गटाचं पत्र आलं. रिफ्कीने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. अभिनंदन होतं, पुढच्या कामात एकत्र येण्याचं बोलावणं होतं, आणि मध्ये एक वाक्य होतं: 'हा ठिपका आम्हीही पाहिला होता, पण ताऱ्याचा समजून सोडून दिला.'

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मान ताठ झाली होती.

"रिफ्की," त्या म्हणाल्या, "ते मधलं परत वाच. जरा सावकाश."