नर्सबाईची चूक

आमच्या कारध्याच्या नर्सबाईले टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा पहिल्या वर्षापासूनचा सारा इतिहास तोंडपाठ हाये, कोण जिंकला, कोण रडत घरी गेला, सारं सांगते अन् सांगता सांगताच लसी टोचते. मले सुईचं लय भेव, मागच्या खेपेले तं मी पोरीले घेऊन पळालीच होती. काल पोरीले मांडीवर धरलं, पण माही नजर दाराकडेच होती.

बाई म्हणे, "काहून वो, पहिल्या वर्षी पोरगी जिंकली होती नं?"

"नाही वो बाई, पोरगा होता!" मी वरडली.

"झालं," बाई म्हणे, अन् कापूस दाबला. पोरगी मंग रडली.

घरी आल्यावर समजलं, ते बाई चुकतच नाही. पुढच्या महिन्यात ते अजून चुकन. मी जाईन.