माझ्या नावावरची मोटरसायकल

आचऱ्याच्या खाडीलगत माझं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन आणि भिंतीवर टांगलेले पाने. पूर्वी एखादा शाफ्ट वाकला की तो पोत्यात गुंडाळून एसटीने कणकवलीला न्यायचा, तिथे लेथवर सरळ करून घ्यायचा आणि परत आणायचा, यात दोन दिवस जायचे. तोवर होडी ओढून ठेवलेली. होडीवाला सकाळ-संध्याकाळ दुकानात येऊन उभा राहायचा. नुसता उघड्या इंजिनाकडे बघायचा. ते बघणं मला सोसत नसे. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी ठरवलं, जुनी का होईना, आपली स्वतःची लेथ घ्यायची.

कर्जासाठी गावातल्याच बँकेत गेलो. मॅनेजर घाटावरचे, नवीनच बदलून आलेले. त्यांनी कागद घेतले, दुकानावर येऊन गेले, चहा घेतला. पंधरा दिवसांनी बोलावून त्यांनी मला समोर बसवलं.

"तुमचं कर्ज मला मंजूर करता येत नाही," ते म्हणाले. "तुमच्या नावावर मुंबईतलं एक कर्ज थकलेलं आहे. मोटरसायकलचं. वसुलीला दिलंय, असं दिसतंय."

मला हसू आलं. "साहेब, मला मोटरसायकल चालवतासुद्धा येत नाही. मी सायकलवाला माणूस."

ते हसले नाहीत. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवणारी एक कंपनी मुंबईत असते आणि कर्ज देण्याआधी बँका तिच्याकडे विचारणा करतात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. "तिथं जे लिहिलंय ते मी खोडू शकत नाही," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही स्वतः अर्ज करून तुमचा अहवाल मागवा. चूक असेल तर त्यांना लेखी कळवा."

बँकेतून दुकानावर यायला सायकलने दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात एक गोष्ट येऊन बसली, आणि ती पुढे काही महिने हलली नाही.

माझा धाकटा भाऊ मुंबईला एका कारखान्यात नोकरीला. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडून रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सही केलेला एक अर्ज नेला होता. गावच्या कार्डावरून नाव कमी करून त्याला मुंबईत नवीन कार्ड काढायचं होतं. आणि त्याच वर्षी शिमग्याला तो आला तेव्हा त्याने नव्या मोटरसायकलचा फोटो दाखवला होता. लाल रंगाची. फोटोत तो गाडीवर बसलेला आणि मागे त्याची बायको.

मी बायकोला बँकेतलं सांगितलं, भावाचं सांगितलं नाही. तिने आपण होऊनच विचारलं, "तुमच्या मनात काय आसा?"

"काय नाय."

"मगे असे फेऱ्ये कित्याक मारतास? एका जागेर बसा बघया."

मला बसवत नव्हतं. डिमांड ड्राफ्ट काढला, ओळखपत्राच्या झेरॉक्स जोडल्या आणि अर्ज मुंबईला धाडला. मग रोज पोस्टमन यायच्या वेळेला मी दुकानातून उठून रस्त्यावर जायचो. हातातलं काम अर्धं टाकून. एकदा इंजिनाचं हेड उघडून ठेवलं आणि नट कुठे ठेवले तेच विसरलो. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

अहवाल आला तो इंग्रजीत. हायस्कूलमधल्या एका सरांकडून वाचून घेतला. माझं नाव, वडिलांचं नाव, जन्माचं साल, गाव आचरा, तालुका मालवण. खाली एका फायनान्स कंपनीचं खातं, मोटरसायकलचं कर्ज, आणि पुढे शेरा, की रक्कम बुडीत धरून वसुलीसाठी दुसऱ्या कंपनीकडे सोपवली आहे. गाडी घेतल्याचं साल मी दोनदा वाचायला सांगितलं. ज्या वर्षी भावाने झेरॉक्स नेली, तेच.

सरांकडून मी तक्रारीची दोन पत्रं लिहून घेतली. हे खातं माझं नाही, एवढाच मुद्दा. एक पत्र नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, एक फायनान्स कंपनीला. दोन्हींवर दुकानाचा फोन नंबर घातला, आणि तिथेच फसलो. इतके दिवस ज्या वसुलीवाल्यांना माझा पत्ता लागत नव्हता, त्यांच्या हाती माझ्याच पत्रातून नंबर पडला. पुढच्याच आठवड्यात फोन सुरू झाले. हिंदीतून बोलणारा एक माणूस. पहिल्यांदा "सर, सर" करायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याने सर सोडलं. गाडी कुठे लपवली आहे, बायकोला माहीत आहे का, गावात येऊन चार लोकांत विचारू का. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून "हां, हां" म्हणत राहायचो, त्या माणसाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

अशाच एका फोननंतर मी भावाला कारखान्यात फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत तिकडच्या यंत्रांची घरघर ऐकत राहिलो.

"दादा? सगळे बरे मां?"

"तुझी गाडी कोणाच्या नावावर आसा?" मी विचारलं.

"माझ्या. कित्याक?"

"माझा रेशनकार्ड नेलेलंस, त्याचा काय केलंस?"

मग त्याने सगळं विचारून घेतलं. बँक काय म्हणाली, कागदावर काय आहे. मी सांगत गेलो आणि सांगताना माझ्याच लक्षात आलं, की मी विचारत नव्हतो, मी त्याच्यावर आळ घालत होतो. पण बोलणं थांबवता आलं नाही.

"मी गाडी रोख पैसे देऊन घेतलंय," तो शेवटी म्हणाला. "तुका असा वाटला, दादा?" आणि त्याने फोन ठेवला.

आठ दिवसांनी रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलं. आत गाडीच्या पावतीची झेरॉक्स. रोख रक्कम मिळाली असा शिक्का, गाडीचा नंबर, सगळं. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पाकिटाच्या आत बोटं घालून बघितलं, चुकून राहिली असेल म्हणून.

बायकोने ती पावती वाचली. मग मला म्हणाली, "तुमी तेका इचारल्यात? ह्यां?"

मी होय म्हटलं. तिने पावतीची घडी घालून माझ्या हातात ठेवली आणि ती आत गेली.

त्या वर्षी भाऊ चतुर्थीला आला नाही. गणपतीवरची माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची चौकट, दरवर्षी तोच बांधायचा, नारळ, सुपारीचे शिपटे, कवंडळं, सगळं कुठे टांगायचं ते त्याच्या डोक्यात पक्कं असे. मी आणि बायकोने मिळून ती बांधली. आलेले लोक विचारत होते, मुंबईवाला खंय? सुट्टी मिळाली नाही, असं मी प्रत्येकाला सांगत होतो.

भाऊ नाही, तर मग कोण? हा प्रश्न आता पहिल्यापेक्षा वाईट होता. तेवढ्यात नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, सबब नोंदीत बदल करता येत नाही. म्हणजे ज्याने चूक केली त्यालाच विचारून चूक नाही असं ठरवलं होतं.

ते पत्र घेऊन मी बसने ओरोसला गेलो. जिल्ह्याच्या बँकांचं काम बघणारे एक अधिकारी तिथे बसतात, असं मॅनेजरांनी सांगितलं होतं. सकाळी पोचलो. साहेब बैठकीला गेले होते. तीनपर्यंत बाकावर बसलो, उठलो, जिना उतरून खाली गेलो, परत आलो. शिपाई म्हणाला, "काका, तुमचं काही हरवलंय का?"

साहेब आले. वयस्कर होते, शांत. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली. "तुम्ही नुसतं 'माझं नाही' म्हणून उपयोग नाही," ते म्हणाले. "कर्जाच्या कराराची प्रत मागा. सही, फोटो, दिलेला पत्ता. कर्ज खरं असेल तर कागद असणार. आणि फोनवर बोलू नका. जे काय ते लेखी पाठवा, असं सांगा आणि ठेवून द्या."

एवढं साधं मला कोणी सांगितलं नव्हतं. परत येताना बसमध्ये मला सहा महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली.

कराराची प्रत यायला आणखी तीन पत्रं आणि अडीच महिने लागले. झेरॉक्समधला फोटो म्हणजे काळा डाग होता. सही इंग्रजीत, लांब शेपटीची. मी मराठीत सही करतो. आणि पत्ता पूर्ण लिहिलेला होता. गाव तेच, पण वाडी खाडीपलीकडची.

मी तो कागद हातात घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिलो. पलीकडे माझ्या नावाचा एक माणूस होता. आम्हां दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. गावात ही नवलाची गोष्ट नव्हे. शाळेत असताना आमच्या प्रगतिपुस्तकांची एकदा अदलाबदलही झाली होती. तो काही वर्षं मुंबईत पार्सलं पोचवायच्या कामावर होता, आजारी होऊन परत आला आणि दोन वर्षांपूर्वी वारला. मी त्याच्या मयताला गेलो होतो. तो मला आधी का आठवला नाही? भावाची गोष्ट इतकी चपखल बसली होती की मी दुसरीकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी होडीने पलीकडे गेलो. त्याची बायको अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सुकत घालत होती. मासे विकून घर चालवत होती. मी काय सांगायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. मला भीती होती, की मी माझं नाव सोडवलं तर तो फोनवाला माणूस उद्या हिच्या दारात येईल.

"वैनी, तुमच्या घोवान मुंबैत मोटरसायकल घेतलेली?"

ती उभी राहिली. हात लुगड्याला पुसले. "घेतलेली. दुखण्यात हप्ते ऱ्हवले. कंपनीचे दोघे इले आणि गाडी घेवन गेले. ऱ्हवलेले पैशे मी बांगड्यो मोडून भरलंय. तुमका कोणी सांगल्यान?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि देवाच्या फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद घेऊन आली. फायनान्स कंपनीचंच पत्र, मराठीत, शिक्क्यासकट. सर्व येणे मिळाले, खाते बंद करण्यात आले आहे.

मी तो कागद तिच्या अंगणात बसून तीन वेळा वाचला. ज्या कर्जासाठी मी वर्षभर तळमळलो ते माझं नव्हतंच, पण ते कर्जही उरलेलं नव्हतं. या बाईने ते केव्हाच फेडलं होतं.

"वैनी, ह्यो कागद माका चार दिवस देशात?"

"नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कंपनीचा एवढोच कागद माझ्याकडे आसा. तुमी नेलात आणि खंय पडलो तर मी कोणाक इचारू? झेरॉक्स काढूची तर मी वांगडा येतंय."

ती चपला घालून आली. आम्ही दोघं होडीने अलीकडे आलो. झेरॉक्सच्या दुकानात तिने कागद स्वतःच्या हाताने यंत्रावर ठेवला, प्रत निघाल्यावर स्वतः उचलला आणि पिशवीत घालून ती पिशवी पोलक्यात खोचली. मी दोन प्रती काढल्या होत्या. एक तिलाच दिली. म्हटलं, कोणी दारात आला तर ही दाखवा, मूळ कागद दाखवू नका.

ती प्रत, करार आणि माझ्या सहीचा नमुना जोडून सरांनी शेवटचं पत्र लिहिलं. ओरोसच्या साहेबांनीही आपल्याकडून एक पत्र जोडलं. दीड महिन्याने नवा अहवाल आला. माझ्या नावासमोर ते खातं नव्हतं. फायनान्स कंपनीने वेगळं पत्र पाठवून कळवलं होतं, की सदर खाते पूर्वीच बंद झाले असून कोणाकडूनही वसुली करायची नाही. दिलगिरीचा शब्द दोन्हींत नव्हता. ते दुसरं पत्र मी पलीकडे नेऊन दिलं. तिने ते वाचून घेतलं आणि पिशवीत पहिल्या कागदाला जोडून ठेवलं.

कर्ज मंजूर झालं, लेथ आली. ट्रकवरून उतरवताना सहा माणसं लागली. नारळ फोडला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण मी सारखा रस्त्याकडे बघत होतो.

भावाला मी आधीच फोन करून सांगितलं होतं. "बरा झाला," एवढंच तो म्हणाला होता. माफी मागायची म्हणून मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा यंत्रांच्या घरघरीत ते वाक्य राहून गेलं.

पुढच्या चतुर्थीला तो आला. माटवी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात येऊन लेथजवळ उभा राहिला. तेव्हा मी ते बोललो. सरळ, एका दमात, माझं चुकलं म्हणून.

तो लेथच्या चाकावरून हात फिरवत होता. "राग नाय इलो माका," तो म्हणाला. "ऑफिसात पावतीची झेरॉक्स काढताना सायबान इचारल्यान, कोणाक व्हयी? माझ्या भावाक, असा तोंडातसून निघना."

मग त्याने लेथ चालू करून दाखवायला सांगितली आणि मी दाखवली.

वर्षभराने तो कल्याणच्या बाजूला खोली घेत होता. जामीनदार म्हणून त्याला माझी सही हवी होती. पतपेढीचे मराठीत छापलेले कागद घेऊन तो स्वतः गावी आला. मी पेन घेतलं आणि सहीसाठी खुणा केलेल्या जागा शोधू लागलो. त्याने कागदांवर हात ठेवला.

"आधी वाच," तो म्हणाला. "सगळा वाच, दादा. मी बसलंय."

तो खरोखरच समोरच्या स्टुलावर बसून राहिला. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.