आमच्या खोलीतला पहिला वाढदिवस

त्या शनिवारी जयूशी दिवसभर बोलायचं नाही, असं मी आणि प्रणालीने ठरवलं होतं. जळगावचं होस्टेल, फर्स्ट इयर, तीन कॉटची खोली... आणि खोलीतला पहिला वाढदिवस.

प्लॅन माझाच. आपल्या काही लक्षातच नाही असं दाखवायचं आणि संध्याकाळी एकदम केक, फुगे, दंगा. रील्समध्ये बघितलेलं असतं ना सगळं...

प्रणाली यावलची, मी वरणगावची. पहिल्याच आठवड्यात आमचं गूळपीठ जमलं होतं, एकमेकींचे ड्रेससुद्धा घालायचो. जयू शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. बोलताना अहिराणी येते म्हणून बोलायचीच कमी. एकदा तिच्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं, तर आम्ही दोघी आठवडाभर प्रत्येक वाक्याला 'शे' लावत होतो. तीही हसायची... मला वाटायचं, तिलाही मजा येते.

तिला करमत नव्हतं हे आम्हाला माहीत होतं. घरून परत आली की डोळे सुजलेले असायचे. दिवाळीपर्यंत बघ, नाहीच जमलं तर गावाकडच्या कॉलेजात नाव घालू, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. राहावं की जावं, हेच तिचं चाललेलं.

वाढदिवसाचं तिने गुरुवारी सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, आमच्याकडे न बघता... शनिवारी माझा वाढदिवस आहे म्हणाली. आम्ही नुसतं "हं" केलं आणि प्रॅक्टिकलच्या गप्पा सुरू केल्या. मग जिन्यात जाऊन पोट धरून हसलो.

शनिवारी ती लवकर उठून न्हायली. नवीन पिवळा कुर्ता घातला आणि ओढणी तीनदा सोडून परत घेतली. मी कानात इअरफोन घालून मोबाईल बघत बसले.

आमच्या वर्गात वाढदिवसाला चॉकलेट वाटायची पद्धत. तिच्या सॅकमध्ये मोठं पाकीट मला दिसलं होतं. पण कोणीतरी आधी विश केल्याशिवाय वाटणार कसं... ते पाकीट कॉलेजला गेलं आणि तसंच परत आलं.

दुपारी मेसमध्ये तिने शेजारच्या दोन खुर्च्या आमच्यासाठी धरून ठेवल्या होत्या. आम्ही पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या मुलींबरोबर बसलो. प्रणालीने मला टेबलाखालून चिमटा काढला, मी हसू दाबलं. नाटक किती छान जमतंय, याचं आमचंच आम्हाला कौतुक.

तीन वाजता आम्ही केक आणायला गेलो. अर्धा किलो पायनॅपल, वर तिचं नाव. परत आलो तेव्हा पाच वाजले असतील.

जयूची गादी गुंडाळलेली होती. बॅग नव्हती. चॉकलेटचं पाकीट माझ्या कॉटवर ठेवलं होतं, न फोडता.

आधी वाटलं, तीच आपली मजा करतेय. गच्ची पाहिली, मेस पाहिली. शेवटी रेक्टर मॅडमनी रजिस्टर दाखवलं... 'घरी', साडेतीन वाजता, खाली तिची सही.

फोन उचलला नाही. मी व्हॉट्सॲपवर सगळं लिहिलं, की सरप्राईज होतं, सॉरी, प्लीज. सात वाजता उत्तर आलं, "असू दे गं." मग परत ये ना, म्हटलं. त्याला उत्तर आलं नाही.

सोमवारी तिचे वडील पेटी न्यायला आले. "आठलं पानी मानत नही तिले," इथलं पाणी तिला मानवत नाही एवढंच म्हणाले, आणि वर आमचे आभार मानले. आम्ही पेटी गेटपर्यंत उचलून दिली.

त्यानंतर किती दिवस मी स्वतःला समजावत होते... एका दिवसाच्या गमतीने कोणी कॉलेज सोडतं का? नसेलच सोडत. पण त्या दिवशी न बोलण्याचं नाटक करायला आम्हाला जराही कष्ट पडले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. रोज तरी आम्ही तिच्याशी कुठे बोलत होतो? तिच्यासाठी तो शनिवार इतर दिवसांसारखाच गेला होता. फक्त वाढदिवस होता, एवढंच.

मागच्या आठवड्यात मावशीकडे निघाले होते, धुळ्याच्या बसस्टँडवर एका बाईंनी माझा हात धरला. जयूची आई. पहिल्या दिवशी तिला सोडायला आल्या होत्या तेव्हा एकदाच पाहिलं होतं, पण त्यांनी मला बरोबर ओळखलं.

मला वाटलं, आता विचारणार.

"वरणगाववाली ना तू? मन्ही जयू तुमनं बठ्ठास्नं नाव काढस. तुमीन तिना बड्डे कितला चांगला करा... केक आना, नाचन्यात... बठ्ठं सांगं तिनी."

आम्ही केक आणला, नाचलो, वाढदिवस किती छान केला, असं सगळं जयूने घरी सांगितलं होतं. बोलताना काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचा असा वाढदिवस आजवर कोणी केला नव्हता म्हणाल्या. नको नको म्हणताना मला उसाचा रस पाजला. जयू आता गावाकडून जाऊन-येऊन कॉलेज करते, बरी आहे. मी "हो काकू", "हो काकू" करत राहिले.

त्यांची गाडी लागली, त्या गेल्या. मी तिथेच बाकावर बसून राहिले.

जयू त्या दिवशी याच स्टँडवर उतरली असणार. जळगावहून धुळे, इथे गाडी बदलायची, मग शिंदखेडा. नवीन कुर्ता घालून, एकटी... आणि घरी पोचेपर्यंत तिने आम्हाला चांगल्या मैत्रिणी करून टाकलं होतं.